भाचीच्या रिपोर्टबद्दल

प्रिय मंजिरी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि भाचीच्या बहिरेपणासाठी केलेल्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट, दोन्ही मिळाले. 'बदल आढळला, परंतु त्याचा अर्थ अनिश्चित' हे वाचून घरातले सगळे खचले, असं तू लिहिलंस. अगं, त्या वाक्याचा अर्थ डॉक्टरांनी हात टेकले असा नाही. प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांमध्ये तुझ्यामाझ्यातही असे 20,000 च्या आसपास बदल सापडतील, आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी. त्यातला कोणता बदल खरंच घात करतो, हे पुष्कळदा जनुकाची नुसती अक्षरं वाचून कळत नाही. ते जिवंत प्राण्यात पाहावं लागतं, आणि माझं सगळं काम तेच आहे.

रिपोर्टमध्ये मायोसिन 7ए हे जनुक आहे, आणि त्याची गोष्ट उंदरापासून सुरू होते. 'शेकर-1' नावाचे उंदीर मान झटकत, स्वतःभोवती गोल गोल फिरत राहतात. ते बहिरे असतात आणि त्यांचा तोलही बिघडलेला असतो. त्यांच्यातला दोष या जनुकात आहे हे 1995 मध्ये कळलं. त्याच वेळी माणसांतल्या अशर सिंड्रोमच्या, म्हणजे जन्मापासून बहिरेपणा आणि पुढे दृष्टी अधू करणाऱ्या आजाराच्या, 1बी प्रकारातही हेच जनुक बिघडलेलं निघालं. भाची चालायला उशिरा लागली, असं तू मागे कळवलं होतंस. तेही मला इथे महत्त्वाचं वाटतं, कारण तोलही कानच सांभाळतो.

उंदराचा अंतर्कर्ण हाडात खोल दडलेला असतो. झेब्राफिश या छोट्या माशाचं तसं नाही. आपल्या कानात असतात तशाच रोमपेशी (केसांसारख्या रोमांनी हालचाल टिपणाऱ्या पेशी) या माशाच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, ठिपक्याठिपक्यांनी ओळीत बसलेल्या असतात. पिल्लू पारदर्शक. मायक्रोस्कोपखाली ठेवलं की जिवंतपणीच त्या पेशींवरचे रोम दिसतात. 'मरिनर' नावाच्या माशांत हे रोम विस्कटलेले असतात. बशीवर टिचकी मारली की पाच दिवसांचं निरोगी पिल्लू क्षणात अंग वळवून पळतं; मरिनर जागचं हलत नाही, आणि हललंच तर गिरक्या घेतं. 2000 मध्ये सिद्ध झालं की दोष त्याच जनुकात आहे. मासा, उंदीर आणि माणूस, तिघांचंही ऐकणं एकाच प्रथिनावर अवलंबून! मला याचं अजूनही नवल वाटतं.

आता भाचीचं. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून, आणि हा आजार व्हायला दोन्ही बिघडाव्या लागतात. तिच्या जनुकाच्या एका प्रतीतला बिघाड स्पष्ट आहे. शंका आहे ती दुसऱ्या, एका अक्षराच्या बदलाची. तोच बदल क्रिस्परने, म्हणजे जनुकातली अक्षरं हवी तशी बदलण्याच्या तंत्राने, माशात किंवा उंदरात घडवता येतो. त्यांचे रोम विस्कटले, तर बदलाविरुद्ध भक्कम पुरावा मिळतो. विस्कटले नाहीत, तरी बदल निर्दोष आहे असं लगेच म्हणता येत नाही. शेकर-1 उंदीर बहिरे असतात, पण त्यांचा दृष्टिपटल माणसासारखा झिजत नाही. नुसत्या उंदरांवर विसंबलो असतो, तर या आजारात पुढे रातांधळेपणा येतो हे आपल्याला कधी कळलंच नसतं. म्हणून प्राण्याचं उत्तर नेहमी रुग्णाशेजारी ठेवून वाचायचं.

प्राण्यांवरचं हे काम व्हायला वेळ लागेल, तोवर दोन गोष्टी करा. भाचीच्या आईवडिलांचं रक्त तपासायला द्या. दोन्ही बदल एकाच पालकाकडून आले असतील, तर एक प्रत शाबूत आहे आणि बहिरेपणाचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. एकेकाकडून एकेक आला असेल, तर संशय बळावतो. आणि तिला दृष्टिपटलाच्या डॉक्टरांना आताच दाखवा, दिसण्याची काहीही तक्रार नसली तरी. कानाच्या यंत्राचं किंवा कॉक्लियर इम्प्लांटचं मात्र रिपोर्टसाठी अजिबात अडवून ठेवू नका. भाषा शिकायचं वय थांबत नाही.

आईवडिलांचे रिपोर्ट आले की लगेच पाठव. मी वाट पाहते आहे.

तुझी,
वसुधा