सुप्याजवळच्या सामाईक माळाबद्दल सुहासला पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुम्ही चार घरांनी मिळून सुप्याजवळ 25 एकर माळ घेतलात याचा आनंद झाला. पण येत्या पावसाळ्यात त्यावर 2000 झाडं लावायचं ठरतंय हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. कृपा करून खड्डे घेऊ नका. तो माळ ओसाड नाही, गवताचा आहे. मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा, त्या पट्ट्यातले लांडगे, खोकड, धाविक पक्षी हे सगळे उघड्या माळाचे रहिवासी. गिरिपुष्प, सुबाभूळ दाट लावली की सावलीत गवत मरतं आणि हे प्राणी-पक्षी निघून जातात. असलेल्या बोरी-बाभळी आणि हिवर राहू द्या, तेवढं पुरे.

पहिलं वर्ष फक्त मोजा. लोहाराकडून 1 मीटर बाय 1 मीटरची चौकट करून घे. गवत फुलोऱ्यावर आलं की ती माळावर 20 ठिकाणी टाका आणि आतलं गवत दोन बोटं ठेवून कापा. नुसत्या चांगल्या जागा निवडल्या तर हिशेब फुगतो, म्हणून डोळे मिटून फेकली तरी चालेल. गवत पूर्ण वाळलं की तोला. सरासरी ग्रॅमला 10 नं गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. समज, 150 ग्रॅम भरलं. मग हेक्टरी 1500 किलो, तुमच्या 10 हेक्टरांत 15 टन. त्यातलं निम्मंच आपलं, उरलेलं मुळांचं आणि मातीचं. 300 किलोची गाय दिवसाला साडेसात किलोच्या आसपास सुकं गवत खाते. घरटी दोन म्हणजे आठ गाई ठेवल्यात, तर सव्वाशे दिवसांत माळ संपला. पुढे विकतची वैरण. गाई घेण्याआधी हे चौघांसमोर मांड.

चराई कायमची बंद करणंही बरं नाही. जुन्या काड्यांचा थर साचून नवे फुटवे गुदमरतात. माळाचे चार भाग पाडा. जून ते सप्टेंबर कुठेच गुरं नकोत, कारण चंडोल, लावे जमिनीवरच घरटी करतात. ऑक्टोबरात तीन भाग कापा. चौथा बी झडेपर्यंत उभा ठेवा, मग त्यात गुरं सोडा. दर वर्षी हा राखीव भाग बदलायचा. जिथे कुसळी गवत जास्त तिथली कापणी आधी करा. कुसळं धरली की ती गुरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततात. राखलेल्या जागी मारवेल, पवन्या ही गवतं हळूहळू परततात. गाजरगवत मात्र फुलाआधी, हातमोजे घालून उपटा.

जाळलं की गवत जोमानं येतं असं कुणी सांगेल, ऐकू नका. पालापाचोळा गेला की पहिला पाऊस उघड्या मातीवर आपटतो. कापणी झाल्यावर लगेच कडेनं 3 मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी गवत काढलेली पट्टी, साफ करा. चांगल्या गवतात चर खणू नका. घळ पडली असेल तिथेच अनघड दगडी बांध घाला आणि त्याचा मधला भाग कडांपेक्षा खाली ठेवा. वर सपाट ठेवलात तर पाणी बगलेनं वाट काढतं, आणि घळ रुंद होते.

कुंपण घालायचंच तर खालची तार बिनकाट्याची, दीड फूट वर, म्हणजे चिंकारा खालून जाईल. धनगरांची जुनी वाट अडवू नका. कापणीनंतर त्यांच्या वाड्याशी, म्हणजे मेंढपाळांच्या तळाशी, बोलून मेंढ्या बसवून घ्या, लेंडीखत जागच्या जागी पडतं.

आता घरांचं, कारण मला खरी काळजी त्याचीच आहे. सातबाऱ्यावर चौघांची नावं असली तरी वेगळा लेखी करार हवाच: गुरांची कमाल संख्या, बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा आधी कुणी घ्यायचा, वारसांना काय बांधील. चारही घरं रस्त्याकडच्या एकाच कोपऱ्यात बांधा. चार कोपऱ्यांत बांधलीत तर चार वाटा, चार दिवे आणि मधे माळच उरत नाही. कुत्री मोकळी सोडायची नाहीत, पाडसं आणि घरटी तीच संपवतात. चौकट आणि वजनांची वही मुलांकडे द्या. फक्त त्यांना घोट्यावर येणारे बूट, रात्री बॅटरी, आणि दगड हातानं उलटायचा नाही ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. अशा माळावर फुरसं असतं. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळ कुठल्या रुग्णालयात मिळतं, ते आत्ताच विचारून ठेव.

कराराचा मसुदा झाला की पाठव, वहिनींनाही वाचायला दे. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश