बाईंना अनावृत पत्र: नाही-वही अजून चालू आहे

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

शाल, श्रीफळ आणि हार, तिन्हींना तुम्ही फोनवरच नकार दिलात. "तेवढ्या पैशांत दोन पुस्तकं येतात," म्हणालात आणि फोन ठेवलात. मग वाचनालयाच्या कार्यकारिणीनं ठरवलं की निदान पत्र लिहावं आणि ते सगळ्या सभासदांना वाचायला मिळावं. लिहायचं काम अर्थातच कार्यवाहाच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडलं. पत्रात नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. आमच्या गावात 'बाई' म्हटलं की कोण, हे सांगावं लागत नाही.

मी खतं-औषधांचा दुकानदार. वडील वाचनालयाचे कार्यवाह होते, त्यांच्यामागे खुर्ची माझ्याकडे आली, एवढीच माझी पात्रता. वाचनालय चालवणं म्हणजे सकाळी कुलूप उघडणं, वर्तमानपत्रं टेबलावर टाकणं, मार्चअखेर हिशेब जुळवणं आणि तपासणीच्या दिवशी चहा चांगला करणं, अशी माझी समजूत होती. ही समजूत तुम्ही कधी बोलून मोडली नाहीत. तुम्ही फक्त प्रश्न विचारत गेलात, आणि उत्तर येत नसल्यामुळे मी ओशाळत गेलो.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्याकडे पाणी वाचनालयाच्या खिडकीच्या गजांना लागलं होतं. त्या वर्षी राखीपौर्णिमा आणि 15 ऑगस्ट एकाच दिवशी होते. दोन्ही कुणाच्या ध्यानात नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही आत शिरलो. पुस्तकं फुगून कपाटांत अशी आवळून बसली होती की दारंच उघडेनात. पहारीनं कपाटं उचकटली आणि पोरांनी पुस्तकं गच्चीवर उन्हात पसरली. आपण मोठं शहाणपणाचं काम केलं, असं वाटत होतं.

आणि तुम्ही एसटीतून उतरलात. शेजारच्या तालुक्यातून, निवृत्त होऊन जेमतेम सहा महिने झालेले, खांद्याला पिशवी आणि हातात छापखान्यातून आणलेला कोऱ्या कागदाचा भारा. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. गच्चीवर येऊन पहिलं वाक्य बोललात ते "हे कुणी केलं?" मी हात वर केला. उन्हात पानं आकसतात, पुठ्ठे वाकतात, खळ सुटते, हे तेव्हा कळलं. सगळं परत खाली आणलं. शाळेच्या वर्गात पंखे लावले, दहा-वीस पानांआड कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून रात्रपाळ्या लावल्या. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक तर एकमेकांना चिकटून अक्षरशः विटा झाले होते. मी चाकूनं पानं सोडवत बसलो होतो, तर तुम्ही म्हणालात, "ते गेले. ज्यांना वाचवता येतं त्यांच्याकडे या."

दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद, भिजून तिची शाई पसरली होती. मी कपाळाला हात लावला. वडिलांच्या आधीपासूनच्या नोंदी होत्या त्यात. तुम्ही एक ओलं पुस्तक उचललंत, शीर्षकपानावरचा शिक्का पाहिलात, मग आतलं एक ठरावीक पान उघडलंत. तिथेही शिक्का आणि दाखल क्रमांक. हे 'गुप्त पान' प्रत्येक पुस्तकात असतं, हे कार्यवाह असून मला ठाऊक नव्हतं. पुरातून वाचलेल्या पुस्तकांच्या शिक्क्यांवरून तुम्ही आणि आमच्या ग्रंथपाल ताईंनी नोंदवही पुन्हा उभी केलीत. बारा रविवार लागले. एसटीचं भाडं घ्यायला तुम्ही नकार दिलात, ते अजून मला सलतं.

देवघेवीचं रजिस्टर मात्र कपाटाच्या माथ्यावर होतं म्हणून कोरडं राहिलं. एका संध्याकाळी तुम्ही बुडालेल्या पुस्तकांची यादी त्या रजिस्टराशी ताडून पाहिलीत. खालच्या दोन फळ्यांवरची बहुतेक पुस्तकं दहा वर्षांत एकदाही घराबाहेर गेली नव्हती. "पुरानं तुमची निर्लेखनाची, म्हणजे निकामी पुस्तकं काढून टाकण्याची, बैठक वाचवली," म्हणालात. सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यातली निम्मी मी निवडली होती. निवडली म्हणजे काय, मार्चमध्ये विक्रेता यादी आणायचा, ज्यावर सूट जास्त त्यावर खूण करायची. खताची पोती घेताना मी कधी असं करत नाही. शेतकरी काय मागतो ते आधी बघतो.

हे मी तुम्हाला बोलून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही शंभर पानी वही आणलीत. वर लिहिलंत: 'नाही'. नियम एकच. ताईंना ज्या ज्या वेळी कुणाला "नाही" म्हणावं लागेल, त्या त्या वेळी ते वहीत उतरवायचं. पुस्तक नाही, अंक नाही, जागा नाही, वेळ संपली, काहीही. कोणी मागितलं ते लिहायचं नाही. काय मागितलं आणि आपण का देऊ शकलो नाही, एवढंच.

पहिल्या महिन्याची पानं मी जपून ठेवली आहेत. द्राक्षावरच्या डाऊनी रोगाची माहिती. पोलीस भरतीच्या गणिताचं पुस्तक, आणि हेच सात वेळा. शेळीपालन. वारसनोंद कशी करायची. मोठ्या अक्षरातली पोथी. "पंख्याखाली जागा." "बायकांना बसायला वेगळं टेबल." आणि एका नोंदीत ताईंनी नुसतं लिहिलं होतं, 'नववीतली मुलगी काही विचारायला आली, पण जवळ माणसं होती म्हणून बोलली नाही.' ती नोंद वाचून तुम्ही बराच वेळ गप्प होतात. पुढच्या आठवड्यात पाळीविषयीची दोन साधी पुस्तकं आली आणि ती टेबलावर नाही, मुलींच्या कपाटात आतल्या फळीवर ठेवली गेली. त्यांची नोंद करायला कुणाला काउंटरवर यावं लागत नव्हतं. शेजारी चिठ्ठ्यांचा डबा ठेवला होता. दोन्ही पुस्तकं आता इतकी झिजली आहेत की तिसरी-चौथी प्रत घेतली.

मार्चची एकगठ्ठा खरेदी बंद झाली. दर महिन्याला थोडी, वहीतून निवडून. त्या वर्षी पूरग्रस्त वाचनालय म्हणून पुण्या-मुंबईहून पुस्तकांची खोकी येत होती, तीही तुम्ही याच वहीपुढे उभी केलीत. जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, कालबाह्य गाईडं, एका खोक्यात तर टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या. देणाऱ्याचं मन मोडेल म्हणून मी सगळं ठेवायला निघालो होतो. तुम्ही आभाराचं कार्ड सगळ्यांना लिहिलंत आणि खोक्यांतलं निम्मं रद्दीत घातलंत.

कार्यकारिणीच्या एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, हे सगळं सरकारनं करायला हवं. तेव्हा तुम्ही पाचच मिनिटं बोललात. 1967 च्या आपल्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं, पण वाचनालय चालवतो तो गावचा न्यास. काही राज्यांत ग्रंथालयासाठी उपकर आहे, आपल्याकडे तो नाही. अ, ब, क, ड वर्ग कुठलाही असो, अनुदानातला अर्धा वाटा पगारावर जातो, आणि तरी ग्रंथपालाच्या हाती काय पडतं हे ताईंना विचारा. तेव्हा उरल्या पैशांत काय करायचं हे ठरवणारे तुम्हीच. एवढं बोलून तुम्ही चहा प्यायलात. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही ताईंच्या पगारासाठी वर्गणीतून वेगळी रक्कम काढली. लाज वाटण्याइतकीच ती कमी होती. अजूनही आहे.

मग आली वेळापत्रकाची गोष्ट. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तीन आठवडे तासातासाला रेघा ओढायला लावल्यात: किती पुरुष, किती बायका, किती मुलं. सकाळी आठ ते अकरा म्हातारी माणसं आणि वर्तमानपत्रं, संध्याकाळी पोरं. बायकांच्या रकान्यात जवळजवळ काही नाही. मी म्हणालो, आमच्याकडच्या बायका वाचत नाहीत. तुम्ही ताईंना विचारलंत, घरातली कामं आटोपून बाईला मोकळीक कधी मिळते? दुपारी दोन ते चार. आणि त्या दोन तासांना आमचं कुलूप. आठवड्यातले तीन दिवस सकाळचा एक तास आणि संध्याकाळचा एक तास कमी करून दुपार उघडली. सकाळच्या मंडळींनी माझ्या दुकानावर मोर्चाच आणला. अजून दोघं माझ्याशी नीट बोलत नाहीत. पण बुधवारी दुपारी आत पाय ठेवायला जागा नसते.

भरतीच्या पोरांवरूनही असंच. पुस्तकं नेत नाहीत, खुर्च्या अडवतात, वीज जाळतात, अशी तक्रार होती. तुम्ही वरची अडगळीची खोली रिकामी करून घेतलीत, किल्ली त्यांच्याच हाती दिलीत, आणि बदल्यात रविवारची देवघेव त्यांनी सांभाळायची असा करार केलात. करार त्यांनी पाळला. त्यातला एक आता पोलिसात आहे आणि रजेवर आला की रविवारी काउंटरवर बसतो.

ट्रंकेचं श्रेय मात्र कुणी दुसरा घेऊ पाहतो तेव्हा मी भांडतो. मळ्यातल्या वस्त्या गावापासून चार-पाच किलोमीटर, तिथून कुणी यायचं नाही. बडोद्याला सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरवल्या, हे तुम्ही सांगितलंत. आमच्याकडे पेटी न्यायची कशात, हा माझा प्रश्न. उत्तर माझ्या दुकानासमोरूनच रोज दोनदा जायचं: दुधाची गाडी. चाळीस पुस्तकांची पत्र्याची ट्रंक दूध संकलन केंद्रावर ठेवली. तिथे बायका सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन येतातच. महिन्यानं ट्रंक परत आली. एका पुस्तकाच्या पानांवर दुधाचे ओघळ, कडा पिवळ्या. मी तापलो. तुम्ही चष्मा लावून पुस्तक उलटंसुलटं पाहिलंत, आतल्या चिठ्ठीवर लिहिलंत 'दुधाचा डाग, पान 46 ते 50', आणि ते तसंच पुढच्या ट्रंकेत टाकलंत.

एका बाबतीत मात्र माझं मत बदललेलं नाही. मुलांचा उशिराचा दंड तुम्ही माफ करायला लावलात. दंडाच्या भीतीनं पोरं पुस्तक परत आणायचीच टाळतात आणि मग वाचनालयाचं तोंडही बघत नाहीत, हे तुमचं म्हणणं. खरं असेल. पण दोन पुस्तकं कायमची गेली, त्यातलं एक सचित्र आणि महागाचं. मी दुकानदार आहे बाई, उधारी मला झोपू देत नाही.

मार्च 2020 ते ऑक्टोबर या काळाबद्दल फार लिहीत नाही. वाचनालयं उघडायला 15 ऑक्टोबरपासून परवानगी मिळाली, तेव्हा "मुहूर्त तर वाचन प्रेरणा दिनाचाच मिळाला की," असा तुमचा फोन आला होता. परत आलेली पुस्तकं तीन दिवस वेगळ्या टेबलावर, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा चढलं, तेव्हा आमच्या भिंतीवर तुमच्या अक्षरातला कागद होता: कुणी कुठलं कपाट रिकामं करायचं, आधी नोंदवह्या, मग गावाविषयीचं जुनं साहित्य, मग मुलांची पुस्तकं. माझं नाव शेवटी होतं, खुर्च्यांपुढे. पाणी दुसऱ्या फळीपर्यंत आलं. पुस्तक एकही भिजलं नाही. खुर्च्या चार गेल्या, त्या माझ्या हलगर्जीपणामुळे.

आता आभार मानायचे तर कसे, हे मला नीट येत नाही. म्हणून नाही-वहीतली अडकलेली एक नोंद कळवतो. गेल्या हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीतला एक मुलगा चार वेळा आला. गोष्टीचं पुस्तक मागितलं. अनामत नाही, गावात पत्ता नाही, कारखाना बंद झाला की जाणार. ताईंनी चारही वेळा 'नाही' लिहिलं आहे, चौथ्यांदा अक्षर जरा वाकडं आहे. कार्यकारिणीत तट पडले. मी, आश्चर्य वाटेल तुम्हाला, देण्याच्या बाजूला होतो.

दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा येतील. दुसरी ट्रंक मी दुकानातून आणून ठेवली आहे, टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, बैलगाडीनं पोचेल अशी सोय झाली आहे. फक्त देवघेवीच्या रजिस्टरात सभासदाच्या रकान्यात काय लिहायचं, मुलाचं नाव, मुकादमाचं की टोळीचं, तेवढं कळवा. फोन केलात तरी चालेल, दुपारी दोन ते चार सोडून. तेव्हा मी काउंटरवर असतो.

आपला,
कार्यवाह