कोर्सवर्क आहे म्हणून फील्डवर्क कापू नका

संपादक साहेब,

पदवीनंतर भूविज्ञानात कोर्सवर्कवाली मास्टर्स करायची म्हटलं की सगळे एकच विचारतात, मोठा थिसिस नाही म्हणजे सोपंच असेल ना? अजिबात नाही. उलट खनिजशास्त्र, भूभौतिकी, भूजल, जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळणं) असं सगळं एकदम अंगावर येतं. साधं थिन सेक्शनच घ्या, दगडाचा काप घासत घासत ०.०३ मिमी जाडीवर आणायचा, मग मायक्रोस्कोपच्या क्रॉस्ड पोलर्समध्ये, म्हणजे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझिंग फिल्टरमधून, क्वार्ट्झ या खनिजाचा रंग बघायचा, राखाडी-पांढरा दिसला तर ठीक, पिवळा दिसला म्हणजे काप अजून जाड आहे, परत घासा, आणि जास्त घासलं गेलं तर काप गेलाच. हे नोट्स वाचून येत नाही हो, हात बसावा लागतो.

फील्डवर्कचंही तेच. इंग्लिश भूशास्त्रज्ञ विल्यम स्मिथने १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा काढला तो वर्षानुवर्षं हिंडून. आज सॅटेलाइट इमेज आहेत, ड्रोन आहेत, पण क्लिनोमीटर दगडाला टेकवून थराचा उतार स्वतः मोजल्याशिवाय नकाशावरची रेघ कुठून आली ते कळतच नाही, त्यामुळे वेळ नाही म्हणून फील्ड ट्रिप कापणं मला तरी बिलकुल पटत नाही.

भूजल, खाणकाम, दरडी यात काम करायचंय त्यांच्यासाठी हा कोर्स खरंच चांगला. पीएचडीचा विचार असेल तर मात्र छोटा का होईना रिसर्च प्रोजेक्ट असलेलाच कोर्स बघा, आणि अ‍ॅडमिशनआधी फील्डचे दिवस किती ते स्पष्ट विचारून घ्या.

- भूविज्ञानाची एक विद्यार्थिनी