चढाईचा आकडा कसा काढला, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायकल मोहिमांच्या बातम्या आपल्या क्रीडा पानावर अलीकडे नियमित येतात, याचा सायकलस्वार म्हणून मला मनापासून आनंद होतो. या बातम्यांत अंतराबरोबर ‘एकूण चढाई’, म्हणजे वाटेतल्या सगळ्या चढांच्या उंचीची बेरीजही दिलेली असते आणि ती ४,३१७ मीटर अशी थेट एककापर्यंत छापलेली असते. अंतराबद्दल माझी तक्रार नाही, तो आकडा बऱ्यापैकी खात्रीचा असतो. चढाईचे तसे नाही. हँडलवरच्या जीपीएस कॉम्प्युटरला उंची मोजणे फार जड जाते आणि त्या आकड्यातल्या शेवटच्या दोन अंकांना तर काहीच आधार नसतो. पण आता विक्रम, पदके आणि सरावाची वेळापत्रके याच आकड्यावर ठरू लागली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपली जागा ठरते ती वेगवेगळ्या उपग्रहांपासूनच्या अंतरांवरून. आडव्या दिशेत उपग्रह चहूबाजूंना असतात, त्यामुळे एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूच्या उपग्रहाकडून बरीचशी सावरली जाते. उंचीला ही सोय नाही. जे उपग्रह दिसतात ते सगळे वरच्या बाजूला, खालचे सगळे पृथ्वीच्या आड. त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीच्या साधारण दीड ते तीन पट असते. मोकळ्या माळावर जागा पाच मीटरने चुकत असेल, तर उंची सहज दहा-पंधरा मीटरने चुकते. दरीत किंवा दाट झाडीत अर्धे आकाश झाकले गेले की चूक आणखी वाढते. शिवाय उपग्रहांवरून मिळणारी उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासूनची असते. लंकेच्या दक्षिणेकडे समुद्राची सरासरी पातळी या लंबगोलाच्या शंभर मीटरहून जास्त खाली आहे, तर न्यू गिनीच्या बाजूला ती ऐंशी मीटरच्या आसपास वर आहे. यंत्र त्यासाठी आतल्या तक्त्यावरून दुरुस्ती करते. एका दिवसाच्या राइडमध्ये हा फरक फारसा बदलत नाही, त्यामुळे चढाईच्या बेरजेला त्याचा धक्का कमी लागतो. माथ्याची उंची मात्र त्याने चुकू शकते.

म्हणूनच चांगल्या कॉम्प्युटरमध्ये हवेच्या दाबावरून उंची काढणारा बॅरोमीटर असतो. ही युक्ती फार जुनी आहे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेव्हणा फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्युई द दोम या डोंगरावर चढला. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा सुमारे आठ सेंटिमीटर खाली आला होता. जितके वर जावे तितका हवेचा दाब कमी, हे तिथे सगळ्यांसमोर दिसले. २०२३ च्या टूर द फ्रान्सचा एक टप्पा याच डोंगराच्या माथ्यावर संपला, आणि तिथे धापा टाकत पोहोचलेल्या स्वारांच्या हँडलवरची यंत्रेही पेरिएच्या नळीचेच काम करत होती, हे आठवले की मला आजही भारावून जायला होते.

बॅरोमीटर लहान चढ-उतार फार सुरेख टिपतो. एखाद्या पुलाचा चढही त्याच्या आलेखात स्पष्ट दिसतो. पण तो मोजतो दाब, आणि दाब केवळ उंचीने बदलत नाही. दाब हेक्टोपास्कल या एककात मोजतात, आणि समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत जवळपास आठ मीटरचा फरक. वादळी हवेत दाब दहा हेक्टोपास्कलने उतरला, तर जागचे न हललेले यंत्र ऐंशी मीटर वर गेल्याचे सांगते. निरभ्र दिवसही यातून सुटत नाही. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, आणि फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. म्हणजे त्या सहा तासांत सपाट रस्त्यावरही वीस-पंचवीस मीटर फुकटचे जमा होतात. उन्हाचा परिणाम याच्या उलट असतो. दाबाचे उंचीत रूपांतर करण्याचे ठरलेले सूत्र समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमान धरते. हवा त्याहून वीस अंश गरम असेल आणि यंत्र त्याची दुरुस्ती करत नसेल, तर हजार मीटरचा खरा चढ साधारण ९३५ मीटर दिसतो. भर उन्हात घाट चढणाऱ्याचे कष्ट असे परस्पर कापले जातात.

आणि ते छोटे भोक. यंत्राच्या पाठीला किंवा बुडाला टाचणीच्या डोक्याएवढे एक भोक असते, त्यातूनच बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोहोचते. पावसाचा किंवा घामाचा एक थेंब त्यावर बसला की मोजणी बिघडते. माझ्याकडे भर पावसातल्या राइडची एक फाइल आहे. तिच्या आलेखात घाटाच्या ऐन तीव्र वळणांवर रेषा एकदम आडवी होते, बराच वेळ तशीच चालते आणि थेंब निघाल्यावर भिंतीसारखी सरळ उभी वर उडी घेते. त्या आडव्या भागात कॉम्प्युटर शून्य टक्के चढ दाखवत होता आणि मी सर्वांत हलक्या गिअरवर होतो. वाऱ्याचाही उपद्रव असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने उतरताना भोक वाऱ्याच्या तोंडी आले, तर समोरून बसणारा दाब दहाएक मीटरची चूक घालू शकतो.

पण सर्वांत मोठा घोळ बेरजेचा आहे आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. चार तासांच्या राइडमध्ये दर सेकंदाला नोंद धरली, तर १४,४०० नोंदी होतात. दोन नोंदींमध्ये सरासरी दहा सेंटिमीटरची खोटी चढण जरी बेरजेत शिरली, तरी पूर्ण सपाट रस्त्यावर १,४४० मीटरची चढाई उभी राहते. हे टाळण्यासाठी यंत्र बारीक हेलकावे गाळून टाकते, उदाहरणार्थ तीन मीटरपेक्षा लहान चढ धरतच नाही. मग दोन-दोन मीटरचे दोनशे खरे उंचवटे असलेल्या रस्त्यावर स्वाराने खरोखर चढलेले ४०० मीटर नाहीसे होतात. गाळणी किती बारीक ठेवायची हे ज्या त्या कंपनीने ठरवायचे, आणि माहितीपुस्तिकेत तो आकडा क्वचितच सापडतो. राइडची एकच फाइल दोन वेगळ्या संकेतस्थळांवर टाकली की दोन वेगळ्या चढाया मिळतात, त्याचे कारण हेच.

काही सॉफ्टवेअर यंत्राची उंची बाजूला ठेवतात आणि नकाशावरून ती दुरुस्त करतात. हे ऐकायला निर्दोष वाटते. असे अनेक नकाशे एंडेव्हर या अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत केलेल्या रडार मोजणीवर आधारलेले आहेत. काम अफाट होते, त्याबद्दल मला आदरच आहे. पण ते सायकलच्या रस्त्यासाठी केलेले नव्हते. त्यात उंचीचे ठिपके तीस ते नव्वद मीटर अंतरावर आहेत, आणि दाट जंगलात रडारला जमिनीऐवजी बऱ्याच अंशी झाडांचे शेंडे दिसतात. उभ्या उतारावर कोरलेल्या रस्त्यावर जागा दहा मीटरने सरकली, तर उंचीही तितकीच सरकू शकते. पूल आणि बोगदा यांची नोंद वेगळी घेतली नसेल, तर पुलावरून जाणारा स्वार नदीपात्रात उतरून पुन्हा वर येतो आणि बोगद्यातून जाणारा अख्खा डोंगर चढतो.

एवढ्याने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. ७५ किलो एकूण वजन घेऊन तासाला हजार मीटर चढायला, फक्त वर जाण्यासाठी, सुमारे २०४ वॉट लागतात. ज्यांच्याकडे शक्तिमापक नाही ते आपली ताकद याच हिशेबाने काढतात. उंचीत दहा टक्के चूक झाली की वीस वॉटचा फरक पडतो. कित्येक महिन्यांच्या सरावानंतर होणारी सुधारणासुद्धा अनेकदा एवढी नसते. चढाईच्या एका आव्हानात माझ्या ओळखीच्या दोघी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाकाला चाक लावून चालल्या. एकीच्या यंत्राने ठरलेला आकडा ओलांडला, दुसरीचे यंत्र शंभरेक मीटर कमी दाखवत राहिले. पदक एकीलाच मिळाले. आयोजकांनी नियमावर बोट ठेवले. पण तो नियमच अन्यायाचा होता असे माझे ठाम मत आहे, कारण त्यात मोजले गेले ते यंत्र. त्या दोघींचे श्रम सारखेच होते.

अशा आव्हानांत मार्ग आधीच ठरलेला असतो. तेव्हा आयोजकांनी सर्वेक्षण नकाशावरून त्याची चढाई एकदाच ठरवावी आणि मार्ग पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला तीच द्यावी. एकाच टेकडीवर फेऱ्या मारायच्या असतील, तर पायथा आणि माथा यांतल्या उंचीला फेऱ्यांनी गुणावे. जीपीएसचा उपयोग फक्त फेरी झाली की नाही हे पाहण्यापुरता करावा. कंपन्यांनी किती मीटरखालचे चढ गाळले जातात, तापमानाची दुरुस्ती होते का, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहावे आणि पडद्यावर चढाई दहाच्या पटीत दाखवावी. स्वारांनाही काही करता येते. निघण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे यंत्र बाहेरच्या हवेत ठेवावे, सुरुवातीच्या जागेची खात्रीची उंची हाताने भरावी, ते भोक कोरडे आणि स्वच्छ ठेवावे. जिथून निघाले तिथेच राइड संपली असेल, तर फायलीतली चढाई आणि उतराई ताडून पाहावी. त्या सारख्याच यायला हव्यात. त्यांत साठ मीटरचा फरक असेल, तर यंत्र दिवसभरात निदान तेवढे सरकले आहे.

आपल्या वार्ताहरांनी स्वाराला दोनच गोष्टी विचाराव्यात: उंची बॅरोमीटरवरून आली, उपग्रहांवरून की नकाशावरून, आणि बेरीज कॉम्प्युटरची आहे की नंतर एखाद्या सॉफ्टवेअरने बदललेली. मग बातमीत ‘एकूण चढाई सुमारे ४,३०० मीटर, बॅरोमीटरनुसार’ असे छापावे. त्याला जागा अर्ध्या ओळीचीच लागेल.

आपला,
एक सायकलस्वार वाचक