खाऱ्या पाण्याची घडवंची

कॅल्गरी, ९ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना आणि मायला शिरसाष्टांग नमस्कार,

लहान्या, हे बाबांना ओसरीत बसवून सावकाश वाचून दाखव. फोनवर अर्धं त्यांना ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं रेंज खाते, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतोय. मधे मधे थांबत जा, बाबा विचारतीलच काहीतरी.

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे ते उंच कपाटासारखं दिसत होतं ना, आणि बाबांनी विचारलं "ते काय उभं केलं रे, कोठी व्हय काय?", तर ती कोठी नाही, घडवंची आहे. आपल्या माजघरात मायचे गुंड-माठ ठेवायची बाभळीची आहे तशीच, फक्त हिच्यावर माठाच्या जागी काचेची टाकी आणि टाकीत खारं पाणी. समुद्रातले मासे पाळायचेत. आता मायने कपाळावर हात मारला असणार, मला इथून दिसतंय.

माय, तुझं बरोबरच आहे. अख्खा जन्म खारपाणात काढला, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही, वान धरणाचं पाणी नळाला येईपर्यंत तू डोक्यावर किती गुंड वाहिले ते मी पाहिलंय. आणि तुझा पोरगा इथे नळाचं चांगलं गोड पाणी घेतो, ते आरओतून काढून आणखी शुद्ध करतो कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि मग दुकानातून मीठ विकत आणून त्यात कालवतो. लिटरला साधारण ३५ ग्रॅम. वरची टाकी आणि खालची छोटी टाकी मिळून ३२० लिटर पाणी, म्हणजे ११ किलोच्या वर मीठ गेलं. आपलं जेवणातलं मीठ नाही चालत, त्यात नुसता खारटपणा, समुद्राच्या मिठात कॅल्शियम मॅग्नेशियम सगळं लागतं. बादलीत कालवताना मला स्वतःलाच हसू येत होतं.

काऊन केलं म्हणाल तर चिमणीसाठी, तुमच्या नातीसाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीच जास्त. इथून समुद्र हजारेक किलोमीटर, बाहेर आज उणे २२, सहा महिने खिडकीतून पांढरंच दिसतं. घरात काहीतरी हलतं, रंगीत पाहिजे होतं.

आता मुद्द्याचं, आणि हे बाबांसाठी. रेडिमेड स्टँड मिळतात पण ते बहुतेक अडीच फुटाचे. मला साडेतीन फूट पाहिजे होता. एक तर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मासे डोळ्यांसमोर यावेत, दुसरं म्हणजे चिमणीचा हात आत जाऊ नये, आणि तिसरं, खालच्या कपाटात जी छोटी टाकी असते तिच्यात स्किमर नावाचं एक उंच नळकांडं उभं राहतं. माय, डाळ उकळताना वर आलेला फेस तू पळीने काढून टाकतेस ना, तेच काम ते करतं, पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडतं, घाण फेसाबरोबर वर येते आणि वाटीत जमा होते. ती वाटी साफ करायला वरून उचलून काढावी लागते, म्हणजे आत उंचीही पाहिजे आणि वर हात घालायला जागाही.

वजन ऐका. टाकी १२० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद, ५० उंच, काच १० मिलिमीटर जाडीची. नुसती काचच ५५ किलोच्या आसपास. पाणी २४० लिटर, आणि खारं पाणी गोड्यापेक्षा जड असतं, लिटरला एक किलो पंचवीस ग्रॅम. वरून दगड आणि वाळू ५० किलो. सगळं मिळून साडेतीन क्विंटल. म्हणजे बाबा, साडेतीन क्विंटल तूर साडेतीन फुटावर, दीड फुटाच्या रुंदीत, वर्षानुवर्षं, आणि तीही डुचमळणारी.

डिसेंबरात पहिला स्टँड बनवला. इथे दुकानात दोन-बाय-चार नावाच्या स्प्रूसच्या पट्ट्या मिळतात, नाव दोन-बाय-चार पण मोजलं तर दीड बाय साडेतीन इंचच भरते, हे मला घरी आणून टेप लावल्यावर कळलं, म्हणजे सगळी मापं पहिल्याच दिवशी चुकली. चार पाय उभे केले, वरची चौकट त्या पायांना बाहेरून टेकवली आणि भरपूर स्क्रू मारले, प्रत्येक कोपऱ्यात सहा. दिसायला एकदम मजबूत. टाकी ठेवली, गळते का पाहायला दोन तृतीयांश साधं पाणी भरलं, आणि मी मोबाईलवर फोटो काढत असताना चिमणी धावत बाजूने गेली. पाणी हललं. गुंड डोक्यावर घेऊन चालताना हलतं तसं, या टोकाकडून त्या टोकाकडे, आणि थांबेचना. मी खांदा लावून उभा राहिलो तर पाण्याबरोबर स्टँडही डावी-उजवीकडे जातोय हे खांद्याला कळत होतं. बायकोला हाक मारली, तिने पाइप लावला, आणि पाणी उतरेपर्यंत मी तसाच खांदा लावून. हात बर्फासारखे. रिकामी झाल्यावर टॉर्च मारून पाहिलं तर एका कोपऱ्यात चौकट पायावरून दोन मिलिमीटर खाली घसरली होती, स्क्रू लाकडात तिरपे झाले होते.

त्या रात्री झोप नाही. आणि मला आपली गावखारीतली मचाण आठवली.

मी आठवीत होतो बहुतेक. हरभऱ्यात रोही आणि रानडुकरं यायची, बाबा जागलीला जायचे. त्या वर्षी घाईघाईत चार बल्ल्या रोवल्या आणि आडव्या बल्ल्या खिळ्यांनी ठोकून वर फळ्या टाकल्या. मी संध्याकाळी भाकर घेऊन वर चढलो आणि खिळा वाकला, अर्धी मचाण खाली बसली, भाकर भुईवर, मी बाबांच्या हातात. दुसऱ्या दिवशी बाबांनी नाल्याकाठून बेचक्याच्या बल्ल्या तोडून आणल्या, आडवी बल्ली बेचक्यात बसवली, एक खिळा नाही, नुसता दोर. आणि म्हणाले, "खिया धरून ठेवते, पेलत नाई. पेलाचं काम लाकडाचं." मग चारही बाजूंनी तिरप्या कैच्या बांधल्या, म्हणे काळी माती उन्हाळ्यात भेगा पडून सुटते, पावसाळ्यात फुगते, खांबाच्या भरवशावर राहू नये. मला तेव्हा फक्त भाकर मातीत पडल्याचं दुःख होतं.

तर दुसरा स्टँड जानेवारीत बेचक्याच्या हिशोबाने केला. वरची चौकट दोन-बाय-सहाची, उभी धरून. प्रत्येक पाय त्या चौकटीच्या बरोबर खाली, चौकट पायाच्या डोक्यावर बसलेली आणि पाय खालच्या चौकटीवर. वजन लाकडातून लाकडात, लाकडातून जमिनीत. सगळे स्क्रू काढून घेतले तरी टाकी खाली यायची नाही (काढून पाहिले नाहीत, बाबा, घाबरू नका). स्क्रू आणि डिंक फक्त पाय जागेवर धरायला. आणि कैच्यांच्या जागी मागे आणि दोन्ही बाजूंना १८ मिलिमीटरचा प्लायवूड, चिकटवून आणि स्क्रूने. प्लाय लावायच्या आधी चौकट हाताने ढकलली तर पत्त्यांच्या घरासारखी तिरपी व्हायची, मागचा एक प्लाय लावल्याबरोबर लांबीच्या बाजूने एकदम गप्प. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

इथली घरं लाकडाची, खाली तळघर, म्हणजे मी उभा राहतो ती जमीनसुद्धा लाकडी वाश्यांवर टेकलेली. तळघरात जाऊन वासे कुठून कुठे जातात ते पाहिलं आणि स्टँड त्यांना आडवा, बाहेरच्या भिंतीला लागून ठेवला, म्हणजे भार एकाच वाशावर येत नाही. पाणसळ लावली तर जमीन चार मिलिमीटर उतरती निघाली, खालच्या चौकटीखाली पाचरी मारल्या. पाचर टाकीखाली मारायची नसते, काच एका टोकावर टेकली की तडकते.

मग बाबांची परीक्षा. माय, तू दिलेला पितळी तांब्या काठोकाठ भरून वर ठेवला आणि बाजूला उड्या मारल्या. बाबा नवी घडवंची आल्यावर अशीच तपासायचे, आठवते? तांब्यातल्या पाण्याला बारीक कडी आली आणि विरली, सांडलं नाही. चिमणीला वाटलं खेळ आहे, तिनेही उड्या मारल्या.

उंच केलं त्याची किंमतही मोजतोय. टाकीत हात घालायचा तर स्टूल लागतो. आणि उंच अन् अरुंद म्हणजे पुढे कलंडायची भीती, उद्या चिमणी दाराला लोंबकळली तर? म्हणून मागून लोखंडी पट्ट्यांनी भिंतीतल्या खांबांना बांधून टाकला, नुसत्या भिंतीला नाही, ती जिप्समची असते, भुसभुशीत. अडीच फुटाचा घेतला असता तर एवढं डोकं लावावं लागलं नसतं हे बायकोने दोनदा सांगून झालंय.

सगळं बसवून आठवडा झाला आणि टाकीच्या काठावर, पाइपच्या जोडावर पांढरी खार फुटायला लागली. मी बोटाने पुसली आणि थेट आपलं बोअरच्या बाजूचं वावर डोळ्यांपुढे आलं. बाबांनी एका उन्हाळ्यात बोअरचं खारं पाणी दिलं होतं ना, वरून पांढरी पपडी धरली आणि पुढची दोन वर्षं तिथे काही धड आलं नाही. तेच इथे. पाणी उडून जातं, मीठ जात नाही. म्हणून टाकीतलं पाणी कमी झालं की वरून गोडंच टाकायचं, खारं टाकलं तर खारटपणा वाढत जातो. मी लाकडाला आतून बाहेरून पॉलियुरेथेनचे तीन हात दिलेत, स्क्रू गंज न धरणारे घेतलेत, वायरी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर नेल्यात म्हणजे थेंब ओघळला तर खाली गळेल, सॉकेटात जाणार नाही. तरी खार काही सोडत नाही, रोज फडकं मारतो. खारपाण मागे मागे आलं म्हणायचं.

आणि हो, लोडशेडिंगची टेस्ट पण घेतली. पंप बंद पडला की वरच्या टाकीतलं थोडं पाणी पाइपातून खाली उतरतं, खालची टाकी काठोकाठ ठेवली असेल तर ते सगळं फरशीवर. म्हणून मी मुद्दाम प्लग काढून पाहिलं, पाणी चढत चढत काठापासून चार बोटं खाली येऊन थांबलं. इथे लाइट फार जात नाही. पण आपण ज्या गावचे, तिथल्या माणसाने ही टेस्ट नाही घ्यायची तर कोणी घ्यायची!

मासे अजून नाहीत, माय. आधी दगडांमध्ये जिवाणू वाढू द्यावे लागतात, ते माशांच्या घाणीतलं अमोनिया खातात, त्याला चार ते सहा आठवडे. तोवर नुसतं पाणी, दगड आणि दिवा. शेजारीण आली होती, टाकीकडे पाहून काहीच बोलली नाही. नंतर क्लाउनफिशची जोडी आणणार, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांची. त्यांच्यात सगळी पिल्लं नरच जन्मतात आणि जोडीतला मोठा असतो तो मादी होतो. घरात मोठं कोण ते आपल्याकडे पण ठरलेलंच आहे.

हरभरा सोंगणीला आला असेल. यंदा घाटे कसे भरले ते कळवा. मजूर मिळत नसतील तर लहान्या, बाबांना वाकू देऊ नको, पैसे मी पाठवतो. बाबांच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दर्यापूरहून आण.

एक काम. आपल्या घडवंचीच्या खालच्या आडव्या पट्ट्या पायात कशा बसवल्यात त्याचा जवळून फोटो पाठव, वाकून, टॉर्च लावून. इतकी वर्षं ओल्या माठांखाली आहे आणि ढिली झाली नाही, आणि मला आठवतं तसं तिच्यात एकही खिळा नाही. उरलेल्या लाकडाचा चिमणीला एक स्टूल करायचाय, तिलाही वरून पाहायचं म्हणते.

तुमचा,
मोठा

ता. क. मायला सांग, तांब्या परत स्वयंपाकघरात ठेवलाय, खाऱ्या पाण्याला लावला नाही.