शेवटची दहा मिनिटं

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "ऑफिसात काय म्हणतंय?" आणि मी "ठीक" म्हणून विषय आईच्या गुडघ्यांवर नेला. ठीक नव्हतं. फोनवर सगळं अर्धवट सांगून झालं असतं, म्हणून लिहायला बसले आहे.

गेल्या महिन्यात आमच्या विभागातली नऊ माणसं एका आठवड्यात आजारी पडली. उलट्या, जुलाब, मग अंगात त्राण नाही. ज्याला सगळ्यात आधी त्रास झाला तो दोन दिवस तसाच कामावर येत होता. कामाची घाई होती आणि रजा मागायचा त्याला संकोच वाटला. पुढचं काय झालं असेल ते आईला सांगायला नको. त्यानंतर वरिष्ठांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "स्वच्छतेचं आता तुम्हीच बघा."

मी पहिल्यांदा पँट्रीत गेले. कप घासायचा एकच स्पंज होता. त्याचा एक कोपरा झिजलेला, भोकाभोकांत चहाची पत्ती अडकलेली. पिळला तर करडं पाणी निघालं आणि त्याचा कुबट वास दिवसभर माझ्या बोटांना येत राहिला. रोज चाळीस-पन्नास कप त्यानेच घासले जात होते आणि ओटा पुसायलाही तोच. सतत ओला, आत अन्नाचे कण, खोलीची ऊब. जंतूंना वाढायला आणखी काय लागतं? कप घासून ठेवला की स्वच्छ झाला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. फ्रीजमध्ये तापमापी ठेवली तर 9 अंश. ते 5 अंशांच्या आत हवं, कारण त्याहून उबेत ठेवलेल्या अन्नात जंतू भराभर वाढतात. मग टेबलावर पांढरा कागद पसरला, कीबोर्ड उलटा करून हलकेच ठोकला. खाण्याचे तुकडे, केस, नखाचा एक तुकडा. कीबोर्ड माझाच होता. त्या दिवसापासून जागेवर बसून खाणं बंद केलं आहे.

एवढं बघितल्यावरही मी पुढे जे केलं ते चुकीचं केलं, आणि मनाला लागून राहिलंय ते तेच. आधी सगळीकडे सूचना चिकटवल्या. हात धुवा, कप जागेवर ठेवा, अमुक करू नका. दोन दिवस लोकांनी वाचल्या, तिसऱ्या दिवसापासून त्या भिंतीसारख्याच झाल्या. मग मी मीटिंग घेतली. आमच्याकडे एक वयाने मोठे गृहस्थ आहेत, कामाला अतिशय चोख. फाइलची पानं उलटताना अंगठा जिभेला लावायची त्यांची सवय. ती फाइल पुढे चार जणांच्या हातांत जाते. मी सगळ्यांदेखत त्यांचं नाव घेऊन सांगितलं. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. फक्त हात टेबलाखाली घेतले.

आई, ते हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "तुमचं बरोबरच होतं." पण बरोबर असूनही मी त्यांना दुखावलं होतं.

त्या रात्री इग्नाझ सेमेलवाइस हा डॉक्टर आठवला. बाबा, तुम्हीच कधीतरी त्याची गोष्ट सांगितली होतीत. 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिरुग्णालयात त्याच्या वॉर्डातले डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला यायचे. एप्रिल महिन्यात तिथल्या शंभरातल्या 18 बायका दगावल्या. मे महिन्यात त्याने सगळ्यांना क्लोरिनच्या चुन्याच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि जूनमध्ये तोच आकडा 2 वर आला. एवढा पुरावा समोर असूनही कित्येक नामवंत डॉक्टरांनी ते मानलं नाही. आपल्या हातांनी माणसं मरतात हे कोणाला ऐकवेल? पुढे तो जाहीर पत्रं लिहून त्यांना खुनी म्हणू लागला. 1865 साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. हात धुण्याबद्दलचं त्याचं म्हणणं खरं होतं. तरी मला वाटतं, ज्याला आपण आरोपी म्हटलं तो नळाकडे जात नाही, तो स्वतःचा बचाव करायला लागतो.

आणि मग तू आठवलीस, आई. "तुमचे हात घाण आहेत" असं तू आम्हाला एकदाही म्हणाली नाहीस. पानं मांडून झाली की "चला, हात" एवढंच म्हणायचीस आणि स्वतः आधी नळाशी जाऊन उभी राहायचीस. आम्ही तुझ्या मागे.

म्हणून सूचना काढून टाकल्या आणि सफाईच्या मावशींकडे गेले. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी होती. ऑफिसच्या सवयी त्यांच्याइतक्या कोणालाच माहीत नाहीत. आधी त्या काही बोलेनात. मग म्हणाल्या, "ताई, पुसायचं काम माझं आहे, त्याची लाज नाही. पण बेसिनमध्ये खाकरून टाकतात आणि तसंच सोडून जातात. नळ एकदा सोडला तरी वाहून जाईल." त्यांचे हातमोजे बोटांपाशी फाटलेले होते. दोन वेळा मागितले होते म्हणे, मिळाले नाहीत. त्याच दिवशी नवीन जोड आणवले. मग त्यांना विचारून, त्यांचं हे वाक्य मी पुढच्या मीटिंगमध्ये जसंच्या तसं सांगितलं, कोणाचंही नाव न घेता. खोली एकदम शांत झाली. त्यानंतर बेसिनबद्दल मला पुन्हा बोलावं लागलेलं नाही.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत, पण त्या केल्याशिवाय लोकांना सांगण्यात अर्थ नव्हता. साबणाच्या बाटल्या दुपारीच रिकाम्या व्हायच्या, त्या आता दिवसातून दोनदा भरल्या जातात. हात पुसायला कागद आला. कचऱ्याचा डबा पायाने उघडणारा आला, म्हणजे धुतलेले हात झाकणाला लावावे लागत नाहीत. स्पंज गेला, वाळत टाकता येईल असा ब्रश आला, आणि कप ज्याचा त्याचा. सॅनिटायझरवर मात्र फार भिस्त ठेवू नका असं सगळ्यांना सांगते. त्यात किमान 60 टक्के अल्कोहोल असलं तरी मळक्या हातांवर तो नीट चालत नाही, आणि उलट्या-जुलाबाचे काही विषाणू त्याला दाद देत नाहीत. साबण मळ आणि जंतू त्वचेपासून सोडवतो आणि पाणी ते वाहून नेतं. म्हणून वीस सेकंद तरी चोळायचं, अंगठे आणि नखांच्या कडा विसरायच्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत आता मी आधी उठते आणि "चला, हात" म्हणते. पहिल्या दिवशी दोघं आली. आता रांग लागते.

वरिष्ठांकडून एक गोष्ट मी हट्टाने मिळवली. पोट बिघडलं, ताप आला, तर घरी थांबायचं. आणि उलट्या-जुलाब थांबल्यावरही पुढचे दोन दिवस यायचं नाही. रजेबद्दल कोणी उलट प्रश्न विचारणार नाही. हे ठरवलं नसतं तर बाकीचं सगळं करून उपयोग नव्हता.

बाबा, सगळ्यात जास्त कामाला आली ती तुमची शेवटची दहा मिनिटं. शिफ्ट संपायच्या आधी लोखंड कातायचं लेथ यंत्र बंद करून तुम्ही लोखंडाचा कीस ब्रशने ओढायचात, मग कॉटन वेस्टने, त्या सुताच्या गुंत्याने, लेथचा बेड पुसायचात, पुढच्या शिफ्टच्या माणसासाठी. एकदा मला नेलं होतंत तेव्हा पुसता पुसता थांबलात, एका जागी बोट फिरवलंत आणि म्हणालात, "इथून तेल सुटतंय. पुसलं नसतं तर दिसलं नसतं." जपानी कारखान्यांतल्या ज्या 5 एसचं, म्हणजे कामाची जागा नीट ठेवायच्या पाच नियमांचं, आज जगभर प्रशिक्षण देतात त्यातला तिसरा, सेइसो, नेमकं हेच सांगतो: साफ करणं म्हणजे तपासणं. पाचवा आहे शित्सुके, कोणी बघत नसतानाही टिकणारी शिस्त. तुम्हाला हे शब्द कोणी शिकवले नव्हते. आता आमच्याकडे रोज शेवटची दहा मिनिटं जो तो आपली जागा पुसतो. परवा एकाला टेबलाखाली वायरचं आवरण सोललेलं सापडलं.

आणि ते गृहस्थ. गेल्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर एक छोटी डबी दिसली, नोटा मोजणारे ठेवतात तशी, ओल्या स्पंजाची. मी काही बोलले नाही. त्यांनीच ती माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "रोज धुतो हं." मला भरून आलं.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. एक जण स्वच्छतागृहातून हात न धुता तसाच बाहेर येतो. हे तीन जणांनी मला येऊन सांगितलं आहे. कामाला चांगला आहे, स्वभावाने तापट. एकांतात सांगायचं हे ठरलंय, पण मी बाई, तो पुरुष, आणि विषय हा असा. सुरुवात कोणत्या वाक्याने करू ते सुचत नाही. बाबा, तुमच्या खात्यात लेथ न पुसता जाणारा कोणीतरी असेलच. त्याला तुम्ही पहिल्यांदा काय म्हणालात? नीट आठवून ठेवा, मी गुरुवारी रात्री फोन करते.

आई, गुडघ्यांना शेक चालू ठेव. आणि भांडी घासायची ती जुनी घासणी आता टाकून दे, बाबांना सांगून नवीन आणव.

तुमची,
मनू