आपल्या पार्किंगला फास्ट चार्जर नको, घरटी एक पॉइंट हवा

प्रति,
मा. अध्यक्ष व सोसायटीच्या समितीचे सर्व सदस्य,
शंभर फुटी रोड, सांगली

विषय : पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगची सोय करण्याबाबत

अध्यक्ष काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या मीटिंगमध्ये चार्जिंगचा विषय निघाला आणि दहा मिनिटांत सगळ्यांचे आवाज चढले. निघताना तुम्ही मला म्हणालात, "जे काय आहे ते लेखी द्या, मग बघू." म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं आहे, तरी समितीने सगळं वाचावं ही विनंती.

आधी माझी चूक सांगते. माझी स्कूटर मी वर्षभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून चार्ज करत होते. जूनमध्ये एका रात्री जळका वास आला म्हणून खाली धावले, तर प्लगची एक पिन काळी पडलेली आणि सॉकेटचं प्लास्टिक वितळलेलं. वायर ओल्या भिंतीला टेकलेली होती आणि त्याच भिंतीला लागून मुलं क्रिकेट खेळतात. त्या दिवसापासून ती वायर बंद केली आणि आता स्कूटर कामाच्या ठिकाणी चार्ज करते. पण सगळ्यांना तशी सोय नाही. आज आपल्या ३२ फ्लॅटमध्ये तीन इलेक्ट्रिक कार आणि सात स्कूटर आहेत. त्यातल्या दोन स्कूटर जिन्याच्या तोंडाशी, लिफ्टजवळच्या साध्या बोर्डावर लावतात. त्यांचं वीजबिल कॉमन मीटरवर येतं म्हणून भांडण होतं. मला बिलापेक्षा जागेची काळजी वाटते. जिना ही आपली बाहेर पडायची एकमेव वाट आहे.

आता चार्जर बसवणाऱ्या एका कंपनीच्या, समितीपुढे आलेल्या प्रस्तावाबद्दल. त्यांनी ३० किलोवॅटचा डीसी फास्ट चार्जर फुकट बसवून द्यायचं म्हटलं आहे. मोबदल्यात दहा वर्षांचा करार, गेटजवळच्या दोन जागा आणि बाहेरच्या गाड्यांना प्रवेश. 'फुकट' या शब्दावर मीटिंगमध्ये बरेच जण खूश झाले. माझं स्पष्ट मत आहे की हा चार्जर आपल्या कामाचा नाही.

फास्ट चार्जर लागतो तो वाटेत, जिथे माणसाला अर्ध्या-पाऊण तासात पुढे निघायचं असतं. पुण्याला जाताना राष्ट्रीय महामार्ग ४८ वर तो हवाच. आपल्या पार्किंगमध्ये मात्र गाडी रात्री नऊला येते आणि सकाळी सातला निघते. दहा तास ती नुसती उभी असते. साधा १६ अँपिअरचा पॉइंट तासाला सुमारे ३ युनिट देतो. कार शंभर किलोमीटर चालवायला साधारण १५ युनिट लागतात. आपल्याकडच्या माणसाचं रोजचं जाणं-येणं म्हणजे मिरज, कुपवाड एमआयडीसी, फार तर माधवनगर. तीस किलोमीटर धरले तरी पाच युनिटच्या आत, म्हणजे दोन तासांपेक्षा कमी. कोल्हापूरला जाऊन आलं तरी रात्री पाच-सहा तासांत गाडी पुन्हा भरते. स्कूटरची बॅटरी तर तीन-चार युनिटचीच असते.

हा हिशेब मी पुढेही नेऊन पाहिला. समजा, उद्या ३२ च्या ३२ घरांत इलेक्ट्रिक कार आल्या. रोज प्रत्येकीला ५ युनिट म्हणजे १६० युनिट. आपण फक्त २० किलोवॅटचा भार मंजूर करून घेतला, तरी रात्रीच्या दहा तासांत २०० युनिट मिळतात. म्हणजे पूर्ण सोसायटीचं भविष्य २० किलोवॅटमध्ये बसतं. अट एकच, की सगळ्या गाड्या एकदम सुरू न होता पाळीपाळीने चार्ज व्हाव्यात. तशी सोय असलेले स्मार्ट सॉकेट मिळतात. ठरवलेली मर्यादा गाठली की पुढची गाडी थांबते आणि आधीची भरली की तिचं चार्जिंग आपोआप सुरू होतं. कुणाला रात्री दोनला उठून प्लग बदलावा लागत नाही. याउलट त्या फास्ट चार्जरवर एका वेळी एक गाडी, ३० किलोवॅट एकटीसाठी, आणि बाकीचे गेटशी रांगेत, बाहेरच्यांसकट. रात्री अकरा वाजता अनोळखी गाड्या आत सोडायच्या की नाही हे आपल्या वॉचमन काकांनी ठरवायचं, हे मला मुळीच पटत नाही.

मग पॉइंट घ्यायचा कुठून? फ्लॅट ३०२ च्या दादांचं म्हणणं, प्रत्येकाने आपल्या मीटरवरून वायर ओढावी. वरकरणी सोपं आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की स्वतःच्या घराच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. एखाद-दोन गाड्यांपुरतं ते ठीकच आहे. पण मीटररूममधून बत्तीस वायरी बत्तीस दिशांना जायला लागल्या की पार्किंगच्या छताचं जाळं होईल. शिवाय घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो : १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५०० आणि त्यापुढे. ज्यांच्या घरात आधीच अडीचशे युनिट जळतात त्यांच्या कारचे पुढचे शंभर-दीडशे युनिट बरेचसे वरच्या दरात जाणार. आणि गीझर, एसी, कार एकाच वेळी चालू झाली तर बऱ्याच घरांचा मंजूर भार कमी पडणार.

म्हणून मला दुसरा मार्ग बरा वाटतो. महावितरणकडे वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र वर्गवारी आहे. सोसायटीच्या नावाने त्यात एक वेगळं कनेक्शन घ्यावं. २२ फेब्रुवारी २०२४ ला केंद्राने वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत जी सुधारणा केली, तिच्यात चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क दिलेला आहे. नवीन जोडणीची मुदतही तेव्हाच कमी झाली. अर्ज पूर्ण असेल तर नगरपालिका-महापालिका हद्दीत सात दिवस. या कनेक्शनवरून पार्किंगच्या लांबीभर एकच जाड केबल ट्रेमधून न्यायची आणि ज्याला हवा त्याच्या खांबावर पॉइंट काढून द्यायचा. प्रत्येक पॉइंटला आपला छोटा मीटर, वेगळी एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की पुरवठा तोडणारा स्विच). अर्थिंग नवीन हवं, जुन्या खड्ड्यावर भागवायचं नाही. महिन्याच्या मेंटेनन्स बिलात प्रत्येकाच्या युनिटची ओळ येईल आणि कुणी कुणाची वीज वापरली हा वाद राहणार नाही. ज्यांच्याकडे कारची जागा नाही, फक्त दुचाकी आहे, त्यांच्यासाठी कंपाउंडच्या भिंतीकडे चार सामाईक पॉइंट असावेत. भाडेकरूंनाही ते वापरता यावेत. बी विंगमधल्या नर्सताई रात्रपाळी करून येतात. त्यांची स्कूटर दिवसा चार्ज होईल, म्हणजे रात्रीच्या गर्दीत त्यांचा भारही नाही.

आता ज्याबद्दल मीटिंगमध्ये कुणी अवाक्षर काढलं नाही ते : पाणी.

काका, २०१९ चा ऑगस्ट आपण कुणी विसरलेलो नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. आपल्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं आणि मीटरबोर्डाची खालची ओळ गाळाने भरली होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पुण्या-मुंबईचा कोणताही ठेकेदार येऊन कमरेइतक्या उंचीवर चार्जर लावून जाईल, कारण त्याच्या नकाशात पूर नाही. आपल्या नकाशात आहे. म्हणून चार्जिंगचा मुख्य पॅनेल पहिल्या मजल्याच्या लँडिंगवरच हवा. केबल छतालगत जावी, पॉइंट शक्य तितके वर असावेत आणि मेन स्विच असा असावा की पाण्यात पाय न घालता बंद करता येईल. आयर्विनला इशारा पातळी, म्हणजे ४० फूट, आली की पार्किंगचा सगळा पुरवठा बंद, हा नियम लिहूनच ठेवू या. तो कोण बंद करणार त्या दोघांची नावंही त्याच कागदावर असावीत.

आणखी एक गोष्ट. पुरात महावितरण वीज बंद करते, आणि ते बरोबरच आहे. पण इलेक्ट्रिक गाडी तेव्हा रिकामी असेल तर ती विश्रामबागला किंवा मिरजेला उंचावर नेणार कशी? म्हणून कोयना धरणातून विसर्ग वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या की त्याच रात्री सगळ्यांनी गाड्या भरून घ्यायच्या, असा निरोप ग्रुपवर जायला हवा. २०१९ ला पेट्रोल पंपांवर रांगा होत्या, तसंच हे. आणि जी गाडी पाण्यात बुडाली ती गाडीच्या कंपनीच्या माणसाने तपासल्याशिवाय कुणी प्लगला लावायची नाही. बॅटरी पाणी रोखणारी असते हे खरं, पण दोन-तीन दिवस गाळात बुडून राहण्यासाठी ती केलेली नाही.

चौथ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं होतं, "बॅटरी पेटली तर?" त्यांना त्या दिवशी कुणी धड उत्तर दिलं नाही, म्हणून देते. भीती खोटी नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याच्या बातम्या देशभर आल्या. त्यानंतर केंद्राने दुचाकींच्या बॅटरीचे एआयएस-१५६ हे सुरक्षेचे नियम कडक केले, आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. लिथियमची बॅटरी एकदा आतून तापून पेटली की आपल्याकडचे पावडरचे सिलिंडर तिला पुरे पडत नाहीत, ती विझल्यासारखी वाटून पुन्हा पेट घेते. अशा वेळी लांब व्हायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. म्हणूनच मी जिन्याच्या तोंडाशी चार्जिंग आजपासूनच बंद करा म्हणते आहे, बाकीचा निर्णय होईल तेव्हा होवो. कुणी सुटी बॅटरी घरात नेऊन पलंगाशेजारी लावत असेल तर तेही थांबायला हवं. गाडीसोबत आलेल्या चार्जरऐवजी बाजारातला स्वस्त चार्जर तर नकोच.

खर्चाचं म्हणाल तर तीन ठिकाणची कोटेशन मागवावीत, त्याआधी आकडा बोलण्यात अर्थ नाही. पण वाटणी कशी असावी हे मात्र सांगते. कनेक्शन, पॅनेल आणि मुख्य केबल सगळ्यांच्या वर्गणीतून, पॉइंट ज्याचा त्याने. "माझ्याकडे गाडी पेट्रोलची आहे, मी का देऊ?" हा प्रश्न रास्त आहे. पण केबल इमारतीची आहे, उद्या फ्लॅट विकताना किंवा भाड्याने देताना ती सगळ्यांच्याच उपयोगी पडणार. तळमजल्यावरच्या कुटुंबाला एकरकमी जड जात असेल तर हप्ते करून द्यावेत. सिंकिंग फंडाला, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांना, हात लावू नये. आणि "जागा माझी, मी काहीही करेन" हेही चालणार नाही. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग, वेगळं विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणून हे एकत्र ठरवायला हवं.

गच्चीवरच्या सोलरचा विषय याच्याबरोबर घेता आला तर फार बरं. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक वापरासाठी, चार्जिंग धरून, प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. पण एकाला दुसरं अडकवून दोन्ही लांबणीवर टाकू नका. चार्जिंग आधी.

माझी मागणी एवढीच : ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय स्वतंत्रपणे घ्यावा आणि तोवर कंपनीच्या करारावर कुणी सही करू नये. या रविवारी सकाळी आठला, गाड्या बाहेर पडायच्या आत, मी टेप आणि खडू घेऊन पार्किंगमध्ये असेन. २०१९ ची पाण्याची खूण तिसऱ्या खांबावर अजून दिसते. तुम्ही आणि ३०२ चे दादा आलात तर पॅनेल आणि केबल कुठून न्यायची ते तिथेच मोजून ठरवू.

आपली नम्र,
फ्लॅट क्र. २०३, ए विंग